शेगडीचे अकरा शुक्रवार

शुक्रवारी सकाळी सात वाजता प्रभाताईंची शेगडी पेटली, दोन मिनिटं नीट जळली आणि मग एक लांबलचक पीं करून बंद पडली. बाजूच्या छोट्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत ‘ई-२’ उमटलं. तव्यावरच्या चार भाकरी एका अंगाने कच्च्या राहिल्या आणि भाकरी थापायला येणाऱ्या केराबाईंच्या हातातली पाचवी हातातच लोंबायला लागली.

“अहो, ऐकलं का?” प्रभाताई आतून ओरडल्या. “तुमची शेगडी बंद पडली!”

शेगडी चालू असली की प्रभाताईंची असे आणि बंद पडली की चिंतामणी सरांची.

सर बाहेरच्या खोलीत आपल्या टेबलाशी बसून वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचत होते. निवृत्तीनंतर ते त्या पानापासूनच सुरुवात करत. एकतीस वर्षं त्यांनी आयटीआयमध्ये ‘रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिक’ हा ट्रेड शिकवला. ज्या वर्षी ते निवृत्त झाले त्याच वर्षी ट्रेडही बंद झाला. दोघांचा निरोपसमारंभ एकत्र उरकला आणि हार एकच आणला.

तेव्हापासून उरलं होतं ते हे टेबल. त्यावर सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, भिंग, बिस्किटांच्या अकरा डब्यांत भरलेले सुटे भाग आणि एक जाड वही. कुठलीही वस्तू दुरुस्त केली की वहीत तारीख, लक्षण, कारण आणि उपाय लिहायचा, हा सरांचा नियम. तीन वर्षांत वहीत एकच नोंद झाली होती. शेजारचा टॉर्च. कारण : सेल उलटे घातले होते. उपाय : सुलटे घातले. लोक आता दुरुस्तीला काही आणत नव्हते. बिघडलेलं टाकून नवीन आणत होते, आणि सरांना अधूनमधून वाटे की आपलाही नंबर त्याच रांगेत आहे.

प्रभाताईंचं मात्र उलट चाललं होतं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या घरातून त्यांच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दर शनिवारी पहाटेच्या गाडीने पुण्याला जात. खोकी जिन्यात, दिवाणाखाली, देवघराच्या दारात रचलेली असत. बाहेरची खोली पॅकिंगला मिळाली तर बरं होईल, असं त्या वर्षभर म्हणत होत्या. त्या टेबलाकडे बघत म्हणत, सरांकडे बघत नसत, एवढाच त्यातला संसार.

शेगडी चौदा महिन्यांपूर्वी आली होती. तिची वॉरंटी बारा महिन्यांची होती. उसाच्या पाचटाच्या दाबून केलेल्या कांड्या तिला लागत. श्रीपूरकडून त्यांची पोती येत आणि कांड्या दिसायला थेट कोंबड्यांच्या खाद्यासारख्या असत. एक स्क्रू फिरून कांड्या आत ढकलायचा, पंखा हवा द्यायचा आणि मागच्या पेटीतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड दोघांना हुकूम द्यायचा. दर्शनी बाजूला मधोमध रुपयाएवढी गोल काच होती. तिच्यासमोर पत्र्याच्या पट्टीवर बसवलेला छोटा सेन्सर काचेतून आत बघून बोर्डाला सांगायचा की आग आहे. चुलीचा धूर गेला होता, तवा सगळीकडे सारखा तापत होता आणि भाकरी पापडासारखी वाजत होती.

“नजर लागली,” दगडाबाई भाकरी थापताथापता म्हणाल्या. “त्या पलीकडच्या गल्लीतली बाई परवा लई येळ बघत हुती.”

“नजर कशी लागंल?” केराबाई म्हणाल्या. “मी सकाळीच समदं केलंय की.”

काय केलंय, ते कुणी विचारलं नाही.

सरांनी आधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. युवराज नावाच्या माणसाने तो चौथ्या वेळी उचलला.

“ई टू म्हणजे आग नाही, सर.”

“आग होती. भाकरी भाजत होत्या.”

“बोर्ड नाही म्हणतोय ना सर? मग नाही. बोर्ड बदलून घ्या.”

“दुरुस्त होत नाही का?”

“बोर्ड दुरुस्त करत नाहीत सर, बदलतात.” युवराजचा आवाज प्रेमळ होता. दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा.

सरांनी फोन ठेवला, सेन्सरसकट बोर्ड काढला आणि टेबलावर आणला. सेन्सरवर टॉर्च मारला. मल्टीमीटरचे आकडे बदलले, म्हणजे सेन्सर ठणठणीत. मग भिंगातून बोर्ड तपासला आणि एक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला दिसला. सरांना भरून आलं. तीन वर्षांनी कुणीतरी त्यांच्यासमोर खरोखर बिघडलेलं होतं.

दिवसभर बायकांनी दोन गॅसवर निम्म्या भाकरी भाजल्या. संध्याकाळी केराबाईंनी रोजच्याप्रमाणे शेगडी ओल्या फडक्याने घासूनपुसून लख्ख केली. सरांनी नवा कपॅसिटर घातलेला बोर्ड बसवला. शेगडी पेटली आणि पेटलेलीच राहिली. सरांनी जेवताना एक भाकरी जास्त घेतली आणि वहीत लिहिलं : कारण, कपॅसिटर फुगलेला.

शनिवार ते गुरुवार शेगडीने तक्रार केली नाही. पुढच्या शुक्रवारी सकाळी सातला पेटली आणि सात वाजून दोन मिनिटांनी पीं. ई-२.

“तुमचा कॅपॅसिटी का काय तो, पुन्हा फुगला वाटतं,” प्रभाताई म्हणाल्या.

या वेळी सरांनी बोर्डावरचा वीज जोडणारा-तोडणारा रिले बदलला. संध्याकाळी केराबाईंनी शेगडी पुसली, सरांनी बोर्ड बसवला, शेगडी चालली. कारण : रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेले.

तिसऱ्या शुक्रवारी ई-२ आल्यावर सर बराच वेळ टेबलाशी डोकं धरून बसले. मग एकदम उठून गच्चीवर गेले, कान देऊन ऐकलं आणि खाली आले.

“सापडलं! मागच्या गल्लीतले यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. माग बंद, म्हणजे लाइनवरचा भार कमी. भार कमी, म्हणजे व्होल्टेज जास्त. आणि व्होल्टेज जास्त म्हणजे…”

“म्हणजे शेगडी बंद,” प्रभाताई म्हणाल्या. “ते बघायलोच की आम्ही.”

सरांनी स्टॅबिलायझर आणून बसवला. हाताशी वेळ होता म्हणून बोर्डावरच्या सगळ्या जोडांना नव्याने डाग दिला. संध्याकाळी शेगडी चालली. एकतीस वर्षं ते मुलांना सांगत आले होते की दुरुस्तीनंतर यंत्र चाललं, तर दुरुस्ती बरोबर. आता दर शुक्रवारी ते बरोबर ठरत होते, आणि तरीही पुढचा शुक्रवार येतच होता.

मधल्या दिवसांत एक बदल झाला, तो त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आला नाही. निवृत्तीनंतर दाढी आठवड्यातून दोनदा व्हायची, ती आता रोज व्हायला लागली.

तिसऱ्या शुक्रवारच्या रात्री जेवण झाल्यावर प्रभाताईंनी विषय काढला.

“तीन शुक्रवार झाले. माझं गिऱ्हाईक तुटेल अशानं. पुढच्या शनिवारी आठशे भाकरी जायच्यात पुण्याला. गॅसवर चारशेच्या वर होत नाहीत.”

“मी बघतोय ना.”

“तुम्ही बघायलात म्हणूनच म्हणते. शुक्रवारी बंद पडली, तर कंपनीचा माणूस बोलवून नवा बोर्ड टाकणार. आणि मग दुरुस्तीचं काही राहणार नाही घरात. टेबल माळ्यावर. खोली पॅकिंगला.”

सरांनी टेबलाकडे पाहिलं. ते टेबल माळ्याच्या दारातून जाणार नाही, आधी त्याचे पाय कापावे लागतील, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते ‘बरं’ म्हणाले. या घरात मोठे निर्णय याच शब्दाने होत आले होते.

चौथ्या शुक्रवारी सहा वाजल्यापासून सर स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. एका हातात टॉर्च, मांडीवर मल्टीमीटर, मांडीखाली वही. त्यांनी ठरवलं होतं की आज फॉल्ट आला तर डोळ्यांदेखत येईल.

“सर, शेगडी बाळंत व्हणार हाय व्हय?” दगडाबाईंनी विचारलं. “इतकं तर आमच्या घरात म्हशीपशी बी कुणी बसत न्हाय.”

प्रभाताई पीठ चाळत होत्या. केराबाई न्हाऊन, ओल्या केसांच्या आल्या. पदराआडून त्यांनी पितळी कोयरी काढली, शेगडीसमोर क्षणभर डोळे मिटले. मग बोट पाण्यात बुडवून हळदीत घातलं आणि मधोमधच्या गोल काचेवर सेन्सरच्या पट्टीखालून बोट सारून हळद लावली. तिच्यावर कुंकू. बोटभर जाड. वर दोन अक्षता. मग हात जोडले.

सर काचेकडे बघत राहिले. तीन शुक्रवार सेन्सर काढताना हे तांबडं समोर असणार, पण बोर्डाच्या नादात त्यांनी ते बघूनही बघितलं नव्हतं. सेन्सर नेमका त्या कुंकवाकडे बघत होता. आत होळी पेटली, तरी त्याला अमावास्याच दिसणार होती. आणि बोर्ड तर सेन्सर सांगेल तेच खरं मानणारा. समोर आग, कागदावर आग नाही, म्हणजे नाही. सरांनी सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढली होती. त्यांना हे आधी कळायला हवं होतं.

“केराबाई,” त्यांनी हळूच विचारलं, “हे कधीपासून?”

“आज चौथा शुक्रवार की.” केराबाई कोयरी झाकत म्हणाल्या. “तुमाला म्हाईत हाय न्हवं सर, चुलीच्या धुरानं माझं डोळं कसं झालतं? सारखं पानी. सुईत दोरा जात नव्हता. डाक्टर म्हनला, जातील. तवा मी लक्षुमीला नवस बोलले व्हते, डोळं वाचलं तर ज्या शेगडीनं धूर घालवला तिला अकरा शुक्रवार हळदीकुंकू करीन. दिवाळीला दोरा गेला बगा सुईत. एका दमात.”

“पण तिथंच का? काचेवर?”

“मग कुटं लावू? ह्या डब्याला कपाळ म्हनावं असं तेवडंच हाय.”

सरांनी टॉर्च खाली ठेवला. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? ‘केराबाई, तुमच्या नवसानं शेगडी बंद पडते’? त्या बाईने पुन्हा त्या काचेकडे मान वर करून पाहिलं नसतं. शिवाय मग कपॅसिटर, रिले, स्टॅबिलायझर, यंत्रमाग, सगळं प्रभाताईंसमोर उघडं पडणार होतं. तीन आठवडे एक इन्स्ट्रक्टर ओल्या फडक्याच्या कामावर सोल्डरिंग करत बसला होता. टेबल माळ्यावर आणि त्यामागोमाग बाकीचंही.

“केराबाई, जरा पाणी आणता का प्यायला?” सर म्हणाले.

केराबाई वळल्या. प्रभाताई पिठात होत्या, दगडाबाई परात मांडत होत्या. सरांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, पट्टीआडची काच दोनदा पुसली आणि रुमाल परत खिशात कोंबला. मग मागची पेटी उघडून, काहीही न करता, दहा मिनिटं स्क्रूड्रायव्हर धरून बसले. कुणी विचारू नये म्हणून मधेच ‘हं’ म्हणाले.

सातला शेगडी पेटली. सात वाजून दोन मिनिटांनी स्वयंपाकघरात सगळे त्या छोट्या पडद्याकडे बघत होते. सात वाजून पाच मिनिटांनी दगडाबाईंनी पहिली भाकरी उलटली. संध्याकाळपर्यंत आठशेवर बारा झाल्या.

“काय होतं शेवटी?” प्रभाताईंनी विचारलं.

“आतलंच होतं.”

“म्हणजे काय पण?”

“सांगून कळणार नाही. बोर्ड नाजूक आहे. दर शुक्रवारी पेटवायच्या आधी बघावा लागेल.”

“किती शुक्रवार?”

“सातेक,” सर म्हणाले आणि घाईने टेबलाशी गेले. वहीत त्यांनी तारीख घातली, लक्षण लिहिलं. ‘कारण’ या रकान्यात पेन टेकवलं आणि उचललं. आयुष्यात पहिल्यांदा तो रकाना कोरा राहिला.

त्यानंतरचे शुक्रवार शिस्तीत गेले. केराबाई कुंकू लावत, सर पाणी मागत, रुमाल निघे, पेटी उघडे, ‘हं’ होई, शेगडी पेटे. दगडाबाई गल्लीत सांगत की आमच्या सरांनी नुस्ता हात लावला तरी मशीन ऐकतंय. एक शेजारी तर बंद पडलेला मिक्सर घेऊन आला. सरांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. तासाभराचं काम होतं, पण संपवायची घाई कशाला?

एकदा धुणं भिजवताना प्रभाताईंनी रुमाल वर धरला.

“हे काय लागलंय हो तांबडं? मागच्या आठवड्यात पण होतं.”

“वार्निश. बोर्डाला लावतात.”

प्रभाताईंनी वास घेतला. “हळदीचा वास येतोय की.”

“नवीन कंपनीचं आहे.”

“हं,” प्रभाताई म्हणाल्या. ‘हं’ म्हणायचा हक्क त्या घरात फक्त सरांनाच होता असं नाही.

अकराव्या शुक्रवारी केराबाईंनी नवस फेडला. शेगडीची खणानारळाने ओटी भरली आणि दुसरा नारळ सरांच्या हातात दिला.

“सर, तुमी नसता तर माझा नवस पुरा झाला नसता बगा. बंद पडलेल्या शेगडीला काय करायचं हळदीकुंकू?”

सरांनी नारळ घेतला. तो वाजवून बघायचाही उत्साह त्यांना राहिला नाही.

“संपलं म्हणजे? पुढच्या शुक्रवारपासून नाही?”

“अकराच बोलले व्हते की. जास्त केलं तर देवीला वाटंल, हिला अजून कायतरी पायजे.”

प्रभाताई तिथेच होत्या. “पुढच्या शुक्रवारी तुम्ही नका उघडू पेटी,” त्या सरांना म्हणाल्या. “बघू तरी. आपली आपण सरळ चालली, तर बरी झाली म्हणायची. मग खोलीचं बघता येईल. शनिवारी नवी खोकी यायचीत.”

शेगडी सरळ चालणार होती. हे साऱ्या सोलापुरात फक्त सरांना माहीत होतं. आठ आठवड्यांपूर्वी शेगडी बंद पडली तर टेबल जाणार होतं. आता ती चालली म्हणून जाणार होतं. सरांनी याचा काही तक्ता करता येतो का ते बघितलं. दोन्ही बाजूंनी टेबल जातच होतं.

सोमवारी त्यांनी दाढी केली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सुट्या भागांचे डबे एकेक करून सुतळीने बांधले. गुरुवारी मिक्सर परत केला आणि सोल्डरिंग आयर्न जुन्या बनियनमध्ये गुंडाळलं. ते गुंडाळताना त्यांना जरा जास्तच वेळ लागला. प्रभाताई दारात येऊन उभ्या होत्या.

“काय करायलात?”

“आवरायलोय.”

“शनिवारला अवकाश आहे की अजून.”

“आवरलेलं बरं.”

 प्रभाताईंनी बनियनची ती गुंडाळी पाहिली, सरांच्या दाढीचे पांढरे खुंट पाहिले आणि त्या आत गेल्या. पीठ चाळण्याचा आवाज सुरू झाला, मधेच थांबला, पुन्हा सुरू झाला.

बाराव्या शुक्रवारी सर न्हाऊन आले, तेव्हा पलंगावर रोजच्यासारखे कपडे काढून ठेवलेले होते. सदरा, पायजमा आणि वर घडी घातलेला रुमाल. रुमाल नवाकोरा होता आणि रंगाने तांबडा होता. सरांनी जन्मात पांढऱ्याशिवाय रुमाल वापरला नव्हता.

“प्रभा, हा कुणाचा?”

“तुमचाच,” आतून आवाज आला. “पांढरे डाग धरतात.”

डाग पडायचे दिवस संपले, हे सरांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी रुमाल खिशात घातला आणि रिकाम्या टेबलाशी जाऊन निधनवार्ता उघडल्या. सात वाजले. आत शेगडी पेटल्याचा भुर्रकन आवाज आला. सर एकाच माणसाचं वय पुन:पुन्हा वाचत राहिले. एक मिनिट झालं. दीड झालं.

पीं.

“अहो, ऐकलं का?”

सर इतक्या झटकन उठले की खुर्ची मागे पडली. स्वयंपाकघरात केराबाई आणि दगडाबाई शेगडीकडे बघत उभ्या होत्या.

“आज तर म्या हात बी लावला न्हाय,” केराबाई म्हणाल्या. “आमी यायच्या आधीच ताईनी पेटवायची तयारी करून ठेवली व्हती.”

सर वाकले. काचेवर हळद होती. हळदीवर कुंकू होतं, घरच्या करंड्यातलं, गोल आणि रेखीव. केराबाईंचं इतकं गोल कधीच नसे. अक्षता दोनच्या ऐवजी तीन होत्या.

प्रभाताई पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. हात कोपरापर्यंत पिठात होते. फक्त उजव्या अनामिकेच्या नखाशी, पिठाच्या खाली, तांबडं काहीतरी राहून गेलं होतं.

“काय झालंय?” त्यांनी न वळता विचारलं.

सरांनी खिशातला तांबडा रुमाल चाचपला. “बोर्ड. जुनंच दुखणं आहे.”

“मग ती खोकी जिन्याखाली टाकायला सांगते. टेबल लागणार तुम्हाला.” भाकरी परातीत गर्रकन फिरली. “किती वेळ जाईल?”

“दहा मिनिटं.”

“अर्धा तास घ्या. तोवर आम्ही गॅसवर करतो,” प्रभाताई म्हणाल्या. “आणि आधी दाढी करून या.”